तोडणीनंतरची वाट

फोन वाजला तेव्हा संयोगिता हंबीररावांना नव्या प्रणालीवरचा संगणक बंद कसा करायचा ते समजावून सांगत होती.

"बटन दाबलं की बंद व्हायला पायजे," हंबीरराव म्हणाले. "एवढ्याशा कामाला आधी ह्या कोपऱ्यात जा, मग त्या कोपऱ्यात जा."

"आवं सुभेदारसाहेब, आधीच्यालाबी कोपराच होता. डाव्या हाताला होता, एवढंच."

"सवयीचा होता."

साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर ‘हाकेला ओ’ मंडळाची खोली आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, पाण्याचा जार. मंडळाच्या पाच रुग्णवाहिका सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत उभ्या असतात. चालक बहुतेक सगळे, आणि मंडळाचे प्रमुख हंबीररावही, फौजेतून निवृत्त झालेले, पगार कुणालाच नाही. हाक कुठूनही येवो, फोन वाजतो तो याच खोलीत. इथून जवळच्या गाडीला निरोप जातो आणि गाडीतल्या मोबाइलवर वाट पाठवली जाते. त्या आठवड्यापासून हे सगळं काम नव्या प्रणालीवर आलं होतं आणि जुनी कायमची बंद झाली होती.

"हॅलो, गाडीवालं का?" पलीकडचा पुरुष धापा टाकत होता. "माझ्या बायकूला पान लागलंय. गवत कापताना साप चावला, पायाला. घोणस हाय, मी डोळ्यानं बघितली."

संयोगिताने हंबीररावांना हातानेच थांबवलं. "नाव सांगा दादा. कुठनं बोलताय?"

"मल्हार. नांदगव्हाणच्या शिवारातनं. इंगळ्यांच्या वस्तीवर राखणीला हाय. आमी आटपाडीकडचं."

नांदगव्हाण म्हणजे संयोगिताचं माहेर. सांगली जिल्ह्यात, नदीकाठच्या उसातलं गाव. इंगळ्यांची वस्ती तिच्या भावाच्या रानापासून हाकेच्या अंतरावर.

"वस्तीवर आणखी कोण आहे? मोटारसायकल?"

"कोण न्हाई. मालक पुण्याला. मी, सोनम आन शेरडं. पाठुंगळी घिऊन पळत सुटू का?"

"तू पळू नकोस आणि तिला एक पाऊलही चालू देऊ नकोस. चिखलात पडलास तर दोघं अडकाल. तिला आडवी निजव. पायाला काठी लावून फडक्यानं सैल बांध. आवळायचं नाही, चिरायचं नाही. आणि पैंजण, जोडवी काढ."

पलीकडे शेरडं ओरडत होती.

"जोडवी काढू देत न्हाई ती," मल्हार म्हणाला.

"तिच्याकडं दे फोन. सोनम? ऐक. मी नांदगव्हाणचीच लेक हाय, कदमांची. पाय सुजला की जोडवी बोटात रुतणार, मग बोटासकट कापायची पाळी यील. तुझ्या नवऱ्याच्या जिवाला जोडवी काढल्यानं काय होत न्हाई. तुझ्या जिवाला न काढल्यानं होईल."

"व्हय," बारीक आवाज आला. विशी-बाविशीची पोर असावी. "लय आग हुतीया, ताई."

"गाडी निघतीय बघ. हलू नको."

तिने फोन न तोडता दुसऱ्या हाताने पडद्यावर नांदगव्हाण उघडलं. हिरव्या शिवारातून एक सरळ रेघ डांबरी रस्त्यावरून निघून इंगळ्यांच्या वस्तीच्या दारात जात होती. माधवनगरच्या थांब्यावर उभी असलेली गाडी सगळ्यांत जवळ होती. तिने वाट पाठवली, आणि पाठोपाठ फोन लावला.

"सयाजीदादा, सर्पदंश. घोणस. वाट पोचली?"

"पोचली की. एकदम सरळ दिसतीया." सयाजीने गाडी सुरू केल्याचा आवाज आला. सयाजी फौजेत ट्रक चालवून आलेला माणूस. बर्फात चालवलेल्या गाड्यांच्या गोष्टी तो न विचारता सांगायचा. त्याच्याबरोबर साक्षी होती, नर्सिंग झालेली मुलगी, आठवड्यातले तीन दिवस मंडळाला देणारी. "तिथनं फुडं ग्रामीण रुग्णालय जवळच हाय, त्यास्नी लस काढून ठेवायला सांगा, ताई."

हंबीररावांनी रुग्णालयाला फोन लावला. लस शिल्लक होती.

पडद्यावरची ती सरळ रेघ तिने स्वतः काढली होती.

संयोगिता कुणी इंजिनिअर नव्हे. बारावी झाल्यावर लग्न होऊन साताऱ्यात आली. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा घरी. तिने एमएस-सीआयटी केलं आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या भांडारात माल आत-बाहेर गेल्याच्या नोंदी करायला लागली. कारखान्यात नवं यंत्र आलं की त्याच्यासोबतचं जाड पुस्तक कुणी वाचत नाही. संयोगिता ते घरी नेऊन वाचते. "आमच्या सूनबाई झोपताना देवाचं नाव घेत न्हाईत, पंपाचं पुस्तक घेतात," असं तिच्या सासूबाई शेजारणींना सांगतात, आणि ते कौतुक आहे की गाऱ्हाणं, हे शेजारणींना आजवर कळलेलं नाही.

मंडळात ती आली ती वडिलांच्या जाण्यानंतर. रानात असताना त्यांच्या छातीत दुखलं. मंडळाचीच गाडी निघाली, पण नकाशात नांदगव्हाणचं शिवार म्हणजे नुसता हिरवा डाग. गाडी उसातून फिरत राहिली. पोचली, पण उपयोग झाला नाही. सगळ्यांना वाटलं, पोरगी येऊन भांडेल. ती आली आणि म्हणाली, "शनिवार-रविवार मला सुट्टी असते. फोन घेईन."

फोन घेता घेता तिला कळलं की अडचण चालकांत नाही, त्यांना दिलेल्या हत्यारात आहे. मंडळ एका कंपनीची प्रणाली वापरायचं. नकाशा कंपनीचा, नोंदी कंपनीकडे. ‘आमच्या वस्त्या घाला’ म्हणून तिने किती वेळा लिहिलं, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. शेवटी कंपनीने कळवलं की ही आवृत्ती आता बंद, नवी घ्या, दर वेगळे. त्या रविवारच्या बैठकीत संयोगिता उभी राहिली आणि म्हणाली, आपण ओपन सोर्सवर जाऊ.

"फुकट ते पौष्टिक, असं आमच्या पलटणीत म्हणायचे," हंबीरराव म्हणाले होते, "आणि मग आख्ख्या पलटणीचं पोट बिघडायचं."

"फुकट म्हणून नाही, साहेब. उघडं आहे म्हणून. जगभरची माणसं मिळून हा नकाशा काढतात, त्यात आपण आपल्या वस्त्या काढायच्या. कंपनीच्या नकाशात चूक दिसली तर आपण अर्ज करतो. ह्याच्यात चूक दिसली तर आपण दुरुस्त करतो."

हे वाक्य बैठकीला पटलं. मग सुरू झाली ती खरी मेहनत. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची काही मुलं येऊन मंडळाच्या जुन्या संगणकांवर लिनक्स ही खुली प्रणाली बसवून गेली. जुन्या नोंदी कंपनीकडून मिळवायला संयोगिताला कारखान्यातल्या साहेबांपेक्षा जास्त इंग्रजी लिहावं लागलं. चालकांच्या मोबाइलवर इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा घालून दिला. सयाजीसारखे जुने गडी आधी कुरकुरले, मग एकमेकांना शिकवायला लागले. आणि माघात ती माहेरी गेली, भावाच्या ट्रॅक्टरवर बसली, मोबाइल चालू ठेवला आणि नांदगव्हाणची एकेक वस्ती फिरली. मोबाइलने टिपलेला माग संध्याकाळी नकाशावर ठेवायचा आणि त्याच्यावरून रस्ता काढायचा. वडिलांच्या शिवारातला हिरवा डाग रेघांनी भरत गेला, तेव्हा ती एकटीच बसून रडली होती.

"ताई!" सयाजीचा आवाज आला, आणि त्या आवाजातच काहीतरी बिघडल्याचं तिला कळलं. "आवं, हितं रस्ताच न्हाई."

"काय म्हणताय? डांबरीवरनं उजवीकडं वळला ना?"

"वळलो. बांधाबांधानं थोडं आत आलो. आता म्होरं ऊस हाय."

"उसाच्या बाजूनं..."

"बाजू न्हाईच. भिंत हाय भिंत, डोक्याच्या वर. तुमचा नकाशा म्हणतोय नीट जा. कुठनं जाऊ? उसातनं?"

तिने पडद्याकडे पाहिलं. गाडीचा निळा ठिपका रेघेवर बरोबर मधोमध उभा होता, आणि रेघ त्याच्या पुढे वस्तीपर्यंत छान सरळ गेलेली. कुठे काही चुकल्यासारखं दिसतच नव्हतं.

"मागच्या शेतातून वळून बघा."

"गाडी वळवायलाच जागा न्हाई. पाऊस पडून गेलाय, चाक रुतायला लागलंय. रिव्हर्सनं जावं लागंल डांबरीपातुर." सयाजीचा आवाज चढला. "मी स्वतः फिरून रस्ता काढला असं म्हणाला हुता न्हवं?"

"काढला होता," ती म्हणाली. "मी त्याच्यावरनं गेले होते."

दुसऱ्या फोनवर मल्हार होता. "ताई, पाय टम्म फुगलाय. दातातनं रगात याला लागलंय तिच्या. गाडी कुठं आली?"

"जवळ आली," संयोगिता म्हणाली. गाडी खरंच जवळ आली होती. वस्तीचं पत्र्याचं छप्पर तिथून चार शेतांपलीकडे असेल. पण घोणसेच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि दातातून रक्त येणं ही त्याची खूण, हे मंडळात सगळ्यांना पाठ होतं.

हंबीरराव तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "कंपनीचा नकाशा मुका होता, संयोगिता. तुझा खोटं बोलला. मुका परवडला. मुका असता तर सयाजी गावात थांबून कुणालातरी विचारून गेला असता."

तिने भावाला फोन लावला.

"जयराज, इंगळ्यांच्या वस्तीवर जायची वाट कुठं गेली? आपण माघात ट्रॅक्टरवरनं गेलो होतो ती?"

"आत्ता?" जयराज कुठल्याशा बाजारात होता, मागे गलका होता. "आत्ता कुठली वाट? श्रावण चाललाय आक्का. माघात ऊस तुटून गेलता, तवा समदं रान मोकळं. तोडणीच्या ट्रॉल्या जातील तिथनं वाट. आता बुडख्यातनं फुटून खोडव्यानं डोकं वर काढलंय, वाट गेली उसात. दरवर्षीचंच हाय की ह्ये."

दरवर्षीचंच होतं. उसाच्या गावात जन्मलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. कारखान्याची टोळी आली, ऊस तुटला, की कुणाच्याही रानातून ट्रॅक्टर जातो, कुणी अडवत नाही. पावसाळ्याआधी तीच वाट पिकाखाली जाते आणि कुणी तिची आठवण काढत नाही. लहानपणापासून तिने हेच पाहिलं होतं. इतकं पाहिलं होतं की मोबाइल हातात धरून त्या वाटेवरून जाताना तिला त्यात सांगण्यासारखं काही दिसलंच नाही. नकाशाने विचारलं होतं, रस्ता कसा आहे? तिने उत्तर दिलं होतं, कच्चा. नकाशाने महिना विचारला नव्हता आणि तिने सांगितला नव्हता.

"मग आत्ता इंगळ्यांच्या वस्तीवर माणूस जातो कसा?"

"चालत, बांधानं. गाडीनं... ओढ्याच्या पल्याडनं काय आसंल तर ठावं न्हाई. त्या बाजूला आपुन जात न्हाई, आज्ज्यापासनं बांधाचा दावा चाललाय तिकडच्यांशी. कोण अडकलंय आक्का? मी येऊ का?"

"तू पोचेपर्यंत उशीर होईल. गावात कुणी भेटतंय का बघ, फोन करत राहा."

सयाजी गाडी मागे घेत होता. इंजिनाची घरघर, साक्षीचं "थोडं डावीकडं, दादा, डावीकडं" आणि मधूनच सयाजीची शिवी, सगळं फोनवर ऐकू येत होतं.

संयोगिताने नकाशा ओढ्याकडे सरकवला. ओढ्याच्या पल्याड. तिकडेही रेघा होत्या. पण त्यांच्यावर आता विश्वास कसा ठेवायचा? त्याही कुणीतरी माघातच काढल्या असतील तर?

कुणीतरी, कधीतरी.

ती ताठ बसली. या नकाशाला एक गोष्ट होती, जी कंपनीच्या नकाशाला नव्हती. प्रत्येक रेघेमागे तिचा इतिहास असतो. कुणी काढली, कधी काढली, नंतर कुणी हात लावला, सगळं उघड. आपलीच रेघ तिने उघडून पाहिली. नाव तिचं, महिना फेब्रुवारीचा. खाली आणखी कशाचीच नोंद नाही.

"साहेब, जी वाट भर पावसाळ्यात कुणी चालून काढली असेल, ती आत्ताही असणार."

"म्हंजे?"

"आपल्याला वाट नाही शोधायची. महिना शोधायचा."

ओढ्यापलीकडची पहिली रेघ तिने दाबली. जानेवारी. दुसरी, मार्च. तिसरी, पुन्हा जानेवारी. चौथी रेघ लांबून, गावाच्या दुसऱ्या अंगाने, ओढ्याकाठच्या पाणी योजनेच्या पंपघराकडे जात होती. सरळ नव्हती, प्रत्येक बांधाला मान देत वळत गेलेली. काढणाऱ्याचं नाव होतं ‘आकाराम पंपघर’. महिना सप्टेंबर, गेल्या सालचा. आणि याच जुलैत त्याच माणसाने तिच्यात एक छोटी दुरुस्ती केली होती, एका वळणावर लिहिलं होतं, मुरूम टाकला.

आकाराम कोण, तिला माहीत नव्हतं. मंडळाच्या यादीत असं नाव नव्हतं. रोज पंप चालू करायला जाणाऱ्या कुणा माणसाने आपली रोजची वाट कधीतरी काढून ठेवली होती, आणि पाऊस झाल्यावर ती अजून तशीच आहे, हेही लिहून ठेवलं होतं.

पण पंपघर ओढ्याच्या त्या काठाला होतं आणि वस्ती या काठाला. आणि तिथे पोचायचं तर सयाजीला डांबरीवर येऊन आख्ख्या गावाला वळसा घालावा लागणार होता. हीही वाट नसली, तर तिसऱ्या वाटेला वेळ उरणार नव्हता.

"तुझी खात्री आहे?" हंबीररावांनी विचारलं.

"वाटेची नाही. महिन्याची आहे."

हंबीरराव पडद्याकडे बघत राहिले. त्या क्षणी त्यांनी ‘नको’ म्हटलं असतं, तर तिच्याजवळ वाद घालायला तोंड नव्हतं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून तोंडाशी धरला आणि पलटणीतल्या आवाजात म्हणाले, "सयाजी, हंबीरराव बोलतोय. नवीन रूट येतोय. त्याच रूटनं जायचं. जिम्मेदारी माझी."

"साहेब, पुन्यांदा उसात घालणार न्हाई न्हवं?"

"घातलं तर तिथंच उभा राहून मला शिव्या दे. आता चल."

संयोगिताने वाट पाठवली. मग मल्हारला म्हणाली, "मल्हार, ओढ्याला पाणी किती आहे?"

"गुडघ्याच्या वर. वढ हाय."

"पलीकडं पंपघर दिसतंय?"

"दिसतंय की. पायपावरनं जातो आमी तिकडं कवा कवा."

"पाइपवरनं तिला नेता येणार नाही. गाडी पंपघरापाशी येईल. स्ट्रेचर घेऊन आमची माणसं पाण्यातून येतील. तोवर तिला उचलू नकोस. तिच्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काय पण बोल. भांड तिच्याशी."

मग मल्हार जे बोलायला लागला ते संयोगिताने ऐकलं, आणि ऐकू नये म्हणून फोन जरा लांब धरला. तो सोनमला शेरडांची नावं सांगत होता, एकेकीची, आणि कुठली दूध कमी देते ते सांगत होता. सोनम मधूनच दुरुस्त करायची. मग दुरुस्त करायची थांबली.

"सोनम? आगं, चुकलं न्हवं माझं? सांग की."

पडद्यावरचा निळा ठिपका गावाला वळसा घालत होता, आणि तो खरंच हलतोय की आपल्याला तसं वाटतंय, हे संयोगिताला कळेना.

"वळलो," सयाजी म्हणाला. चाकाखाली काहीतरी करकरलं. "मुरूम हाय. ताई, मुरूम हाय! गाडी चाललीया."

हंबीरराव खुर्चीवर बसले. ते उभे होते हे त्यांच्याही लक्षात नसावं.

"पंपघर दिसलं. कोणतरी गडी बाहीर आलाय, हात करतोय." दार उघडल्याचा आवाज, आणि मग लांबून दोन माणसांचं बोलणं.

"कोण रं तुमी? गाडी घिऊन हिकडं? ही वाट कुणी दावली?"

"आकाराम कोण हितं?"

"मीच की."

"मग तूच दावली, गड्या. धर ह्यो स्ट्रेचर, पल्याड पान लागल्याली बाई हाय."

पुढचं सगळं संयोगिताला तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आलं. पाण्यात पडणारी पावलं. आकारामचं "हितनं न्हाई, हितनं, खाली खडक हाय". साक्षीचा श्वास. मल्हारच्या फोनमधून साक्षीचा आवाज जवळ येत गेला आणि दोन्ही फोनवर एकच बोलणं ऐकू यायला लागलं. मग परत फिरल्याची पावलं. एकदा सयाजी "खांद्यावर घे, खांद्यावर" असं ओरडला. एकदा मल्हार रडल्यासारखा आवाज आला. मग गाडीचं दार आपटलं आणि साक्षी म्हणाली, "नाडी लागतेय. निघालो."

रुग्णालयात गाडी पोचली तेव्हा डॉक्टर दारात उभे होते. त्यानंतर फोन बंद झाले, आणि वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही. झेरॉक्सवाल्याने खालून चहा पाठवला. तो तसाच निवला. हंबीररावांनी दोनदा संगणक बंद करायच्या कोपऱ्यात बाण नेला आणि दोनदा हात मागे घेतला. संयोगिताने कारखान्याच्या साहेबांना कळवलं की उद्या सकाळच्या पाळीला उशीर होईल.

साक्षीचा फोन आला तेव्हा दिवेलागण होत होती.

"लस चालू आहे, ताई. रक्त गोठायला लागलंय, दातातलं थांबलं. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र जपायची, पाय सुधारायला आठवडे लागतील. पण वेळेत आणलं म्हणाले. थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

संयोगिताने फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले.

मग हंबीरराव म्हणाले, "ती माघातली वाट आधी पुसून टाक."

तिने हात पुढे केला, तेवढ्यात सयाजीचा फोन आला. "ताई, पुसू नका बरं ती वाट," तो म्हणाला. तोही तिकडे त्याच वाटेच्या विचारात होता. "तोडणी सुरू झाल्यावर त्याच वाटंनं यायचं हाय मला. तवा गावाला वळसा कोण घालील? नुसतं लिवा की कवा चालती ते."

"काय लिहू?"

"लिवा, ऊस उभा आसंल तर मरायला जाऊ नका."

"सयाजीदादा, जगभरचे लोक वाचतात ते."

"मग त्यास्नीबी कळू दे."

तिने लिहिलं, फक्त तोडणीनंतर, डिसेंबर ते मार्च. नोंद जतन झाली. इतिहासात तिच्या नावाखाली तिचंच नाव दुसऱ्यांदा आलं.

मग तिने आपण काढलेल्या सगळ्या वाटा एकत्र उघडल्या. पडदा भरला. नांदगव्हाण, शेजारची गावं, नदीकाठच्या सगळ्या वस्त्या. प्रत्येकीसमोर तोच हंगाम. प्रत्येक वाट मोकळ्या रानातली, ट्रॅक्टरवरून काढलेली, आणि त्यांतली प्रत्येक आत्ता या क्षणी मंडळाच्या पाचही गाड्यांच्या मोबाइलमध्ये बसलेली होती. उद्या सकाळी कुणी हाक मारली असती, तर पडद्याने पुन्हा तशीच छान सरळ रेघ दाखवली असती.

"साहेब, सगळ्या चालकांना कळवा. नदीकाठच्या वस्त्यांवर जायचं तर आधी फोन करून विचारायचं, मगच नकाशा बघायचा. मी सांगेपर्यंत."

"आणि तू काय करणार?"

"विचारते."

हंबीररावांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि आपला मोबाइल काढला. "जुन्या नोंदींतले निम्मे नंबर मला दे. पुढच्या रविवारी बैठकीत माझ्याकडं बघून हसलीस तर याद राख."

तिने पहिला नंबर फिरवला. मनुबाई, ओढ्यावरची वस्ती, घरात म्हातारी आणि तिचा मुलगा.

"मनुबाई, साताऱ्यातनं बोलतीय, ‘हाकेला ओ’मधनं. एवढंच सांगा, आज, आत्ता, तुमच्या दारापर्यंत चारचाकी गाडी येती का?"

"चारचाकी?" म्हातारी हसली. "आगं बाई, माझा ल्योक फटफटी पारापाशी लावतो आन चप्पल हातात घिऊन घरला येतो. तू कुठली चारचाकी इचारतीस?"

"बरं. मग त्याला फोन द्या. कुठवर येती ते तरी विचारते."